संभाजी-चरित्र : इतिहासग्रंथ व ऐतिहासिक ललितवाङ्मय

छत्रपती संभाजी महाराज (१४ मे १६५७–११ मार्च १६८९) यांच्या जीवनावर मराठीत निर्माण झालेले बखरवजा, चरित्रपर, नाट्यात्म व कथात्म लेखन. सुमारे दोनशे वर्षांच्या अवधीत एकाच ऐतिहासिक व्यक्तीची प्रतिमा इतकी आमूलाग्र पालटल्याचे उदाहरण मराठी वाङ्मयात दुसरे क्वचितच सापडेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या बखरीत संभाजी महाराज व्यसनाधीन, उग्र आणि वडिलार्जित राज्य धोक्यात घालणारे राजे म्हणून रंगविले गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वसामान्य वाचकाच्या मनात ते पराक्रमी, विद्याव्यासंगी व धीरोदात्त नायक म्हणून स्थिर झाले. या पालटाचे श्रेय सामान्यतः कादंबरीला दिले जाते. वास्तविक कादंबरीच्या आधी सुमारे चार दशके कागदपत्रांचा शोध व त्यांची चिकित्सा चालू होती, आणि कादंबरीने त्या शोधाचे फलित लोकांपर्यंत पोहोचविले. ते पोहोचविताना शोधातील निष्कर्ष कायम राहिले, पण त्यांमागील शंका व तर्क गळून पडले. संशोधन आणि कथन यांच्या या देवघेवीत काय साधले व काय हरवले, हा संभाजी-चरित्राच्या अभ्यासातील मुख्य प्रश्न होय.

चरित्राची रूपरेषा : संभाजी महाराजांचा जन्म पुरंदर येथे झाला. ते दोन वर्षांचे असतानाच त्यांची आई सईबाई निवर्तल्या. नवव्या वर्षी, १६६६ मध्ये, ते वडिलांसमवेत आग्र्यास गेले. डिसेंबर १६७८ मध्ये ते मोगल सरदार दिलेरखान याच्या छावणीत गेले व सुमारे वर्षभराने परत आले. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे निधन झाल्यावर काही मंत्र्यांनी राजारामांना गादीवर बसविले. परंतु पन्हाळ्यावर असलेल्या संभाजी महाराजांनी सैन्याच्या पाठिंब्याने त्याच वर्षी रायगड ताब्यात घेतला. १६ जानेवारी १६८१ रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर हा त्यांच्या आश्रयास आला व वर्षअखेरीस स्वतः औरंगजेब दक्षिणेत उतरला. पुढील आठ वर्षांत मोगल, जंजिऱ्याचा सिद्दी आणि गोव्याचे पोर्तुगीज या तिन्ही सत्तांशी मराठ्यांना एकाच वेळी झुंजावे लागले. विजापूर १६८६ मध्ये व गोवळकोंडा १६८७ मध्ये पडले. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वर येथे संभाजी महाराज पकडले गेले व ११ मार्च रोजी त्यांची हत्या करण्यात आली.

या रूपरेषेत निर्विवाद असे बरेच आहे. तथापि तीन जागा अशा आहेत, की जेथे घटना ठाऊक असून हेतू अज्ञात राहतो : दिलेरखानाकडे जाणे, १६८१ मधील मंत्र्यांच्या कटाला दिलेली कठोर शिक्षा, आणि संगमेश्वरी झालेली अटक. प्रत्येक पिढीच्या लेखकाने या तीन जागा आपापल्या परीने भरल्या. त्यामुळे संभाजी-चरित्राचा इतिहास हा पुष्कळ अंशी या रिकाम्या जागा भरण्याचा इतिहास आहे.

बखरीतील प्रतिमा : कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेली बखर मुख्यतः शिवाजी महाराजांच्या चरित्रापुरती आहे. संभाजी महाराजांचे सविस्तर चित्र रेखाटणारी व दीर्घकाळ प्रमाण मानली गेलेली बखर म्हणजे मल्हार रामराव चिटणीस यांची होय. ती सातारा येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे घटनांनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली. मल्हार रामराव हे शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे वंशज. बाळाजी आवजींना १६८१ च्या कटाच्या प्रकरणात अण्णाजी दत्तो आदींबरोबर संभाजी महाराजांच्या आज्ञेवरून देहान्त शिक्षा झाली होती. ज्या घराण्याने हा आघात सोसला, त्याच घराण्यातील लेखकाच्या हातून आघात करणाऱ्या राजाचे चरित्र लिहिले गेले.

या गोष्टीमुळे संपूर्ण बखर असत्य ठरते, असे मात्र म्हणता येत नाही. चिटणिसांच्या हाती दप्तरातील कागद होते व राज्यव्यवहाराच्या परंपरागत माहितीचा मोठा साठाही होता. घराण्यात जपलेली आठवण हेही एक साधनच असते. दोष एवढाच, की ही आठवण कोणाची आहे व ती कोणत्या दुःखातून जपली गेली, हे बखर सांगत नाही. ती सर्वसाक्षी निवेदकाच्या सुरात बोलते. बखरीची भाषा प्रवाही, प्रसंग ठसठशीत आणि कार्यकारणभाव सोपा आहे. राजा व्यसनी, त्याचा सल्लागार कवी कलश कपटी, म्हणून राज्याचा नाश, अशी तिची मांडणी आहे. कथनाच्या दृष्टीने ती परिणामकारक आहे, आणि तिच्या दीर्घ प्रभावाचे कारणही हेच होय.

ग्रँट डफ याने आपल्या मराठ्यांच्या इतिहासासाठी (१८२६) मराठी बखरींचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. त्या ग्रंथाचे मराठी भाषांतर लवकरच झाले व शाळांतून ते वाचले जाऊ लागले. अशा रीतीने साताऱ्याच्या एका घराण्यातील स्मृती इंग्रजी इतिहासग्रंथात जाऊन, तेथून अधिकृत ज्ञानाचा पेहराव करून मराठी वाचकाकडे परत आली. मोगल बाजूच्या फार्सी तवारिखांत शत्रुपक्षाविषयीचा कटू सूर स्वाभाविकच होता. त्यामुळे दोन स्वतंत्र साक्षी एकमेकींना पुष्टी देतात, असा भासही निर्माण झाला. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्यासारख्या साक्षेपी इतिहासकारानेही मराठी रियासतीच्या सुधारित आवृत्तीत या कालखंडाच्या खंडाला उग्रप्रकृति संभाजी असे नाव दिले, यावरून या प्रतिमेची पकड किती घट्ट होती याची कल्पना येते.

रंगभूमीवरील संभाजी : नाट्यवाङ्मयाला या प्रतिमेत शोकात्मिकेचे बीज दिसले. राम गणेश गडकरी यांचे राजसंन्यास हे नाटक त्यांच्या मृत्यूमुळे (१९१९) अपुरे राहिले व पुढे प्रसिद्ध झाले. त्यातील संभाजी विलासात गुंतलेला असून राजपद म्हणजे उपभोग नव्हे, हे त्याला सर्वस्व गमावल्यावर उमगते. गडकऱ्यांना राजाची निंदा करावयाची नव्हती. थोर वंशातील पुरुषाचे स्खलन व त्याचा अखेरचा उद्धार हा त्यांचा विषय होता. तथापि स्खलनाची सामग्री त्यांनी बखरीतून व आख्यायिकांतून घेतली, कारण त्यांच्या काळी तीच उपलब्ध होती. विष्णु हरी औंधकर यांच्या बेबंदशाही (१९२४) या नाटकाचे शीर्षकच त्यातील राजवटीच्या चित्रणाची दिशा दाखविते. थोरातांची कमळा या आख्यायिकेसही रंगभूमी व चित्रपट यांमुळे उदंड लोकप्रियता लाभली.

वसंत कानेटकर यांच्या रायगडाला जेव्हा जाग येते (१९६२) या नाटकाने या परंपरेला वेगळे वळण दिले. त्यात राज्यकर्ता पिता आणि दुखावलेला पुत्र यांच्यातील ताण मध्यवर्ती आहे. संभाजी येथे खलपुरुषही नाही व निष्कलंक वीरही नाही. मोठ्या वडिलांच्या सावलीत वाढणारा, मान मिळावा म्हणून तळमळणारा, उतावळा तरुण आहे. डॉ. काशिनाथ घाणेकर यांनी ही भूमिका गाजविली. पुढे इथे ओशाळला मृत्यू (१९६८) या नाटकात कानेटकरांनी अखेरच्या दिवसांतील संभाजी उभा केला. या दोन नाटकांमधील अंतर लक्षणीय आहे : पहिल्यात प्रश्न आहे, दुसऱ्यात गौरव आहे. नायकाच्या मरणाने त्याच्या जीवनाविषयीचे सर्व प्रश्न मिटतात, ही पुढील ललितवाङ्मयात प्रबळ झालेली धारणा येथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

साधनांची चिकित्सा व नवा इतिहास : ग्रँट डफच्या ग्रंथावर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७-६८ मध्ये केलेली टीका, काव्येतिहाससंग्रह (१८७८) या मासिकाने चालविलेले जुन्या बखरींचे व पत्रांचे प्रकाशन, वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेले मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचे खंड आणि १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ हे मराठी इतिहाससंशोधनाचे प्रमुख टप्पे होत. अस्सल पत्र हे बखरीपेक्षा श्रेष्ठ साधन होय, हा राजवाडे यांचा आग्रह होता. संभाजी-चरित्राच्या बाबतीत मात्र या आग्रहाचे फळ उशिरा पदरी पडले. त्या काळातील मराठी कागद लढायांच्या धामधुमीत मोठ्या प्रमाणावर नष्ट झालेले असल्यामुळे निरनिराळ्या भाषांतील विखुरलेल्या नोंदी जुळविणे भाग होते.

हे काम वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी केले. साधन-चिकित्सा (१९२८) या ग्रंथात त्यांनी ऐतिहासिक साधनांच्या परीक्षणाची पद्धत विशद केली होती. दीर्घ परिश्रमानंतर १९६० मध्ये त्यांचा छत्रपती संभाजी महाराज हा चरित्रग्रंथ प्रसिद्ध झाला. जेधे शकावलीसारख्या जवळच्या काळातील कालनोंदी, मुंबईकर इंग्रजांचा पत्रव्यवहार, पोर्तुगीज कागद, फार्सी तवारिखा आणि संस्कृत दानपत्रे यांची परस्परांशी तुलना करून त्यांनी बखरीतील एकेक विधान तपासले.

या पद्धतीचे स्वरूप एका उदाहरणावरून ध्यानात येईल. संभाजी महाराजांनी रायगड घेताच सावत्र आई सोयराबाई यांना भिंतीत चिणून मारल्याची कथा बखरीमुळे रूढ झाली होती. रायगड त्यांच्या ताब्यात आला तो १६८० च्या उन्हाळ्यात. सोयराबाईंचा मृत्यू १६८१ च्या उत्तरार्धात झाल्याचे शकावलीतील नोंदीवरून दिसते. मध्ये वर्षाहून अधिक काळ गेला. म्हणजे गड घेताच त्यांना मारल्याची कथा कालदृष्ट्या टिकत नाही. येथे कोणाच्या बाजूने भावनात्मक समर्थन करावे लागले नाही. दोन तारखा शेजारी ठेवल्या, एवढेच. त्याचबरोबर हेही नमूद केले पाहिजे, की सोयराबाईंचा मृत्यू कसा झाला हा प्रश्न या तारखांनी सुटत नाही. १६८१ च्या कटाची वार्ता मुंबईकर इंग्रजांच्या पत्रांतही आढळते. त्यामुळे मंत्र्यांना झालेली शिक्षा ही निव्वळ लहरीपणातून आलेली नव्हती, हे सिद्ध होते. शिक्षा प्रमाणाबाहेर होती किंवा काय, हा प्रश्न मात्र खुलाच राहतो.

कमल गोखले यांचा शिवपुत्र संभाजी (१९७१) हा ग्रंथ याच दिशेने पुढे जातो. त्याचा विशेष म्हणजे संयम. बेंद्रे यांच्या लेखनात दीर्घकाळ झालेल्या अन्यायाचे परिमार्जन करण्याची उत्कटता अधूनमधून डोकावते. गोखले यांचा सूर अधिक समतोल आहे. दिलेरखानाच्या प्रकरणासारख्या अवघड जागीही पुराव्याच्या पलीकडे जाण्याचे त्या टाळतात. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरखान्यातील कागदांच्या आधारे लिहिलेल्या पोर्तुगेज-मराठे संबंध (१९६७) या ग्रंथामुळे १६८३ च्या गोवा-मोहिमेवर शत्रूच्या कागदांतूनच प्रकाश पडला. फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयला माघार घ्यावी लागली. त्यानंतर जुवे बेट मराठ्यांनी घेतले आणि भयभीत झालेल्या व्हाइसरॉयने संत फ्रान्सिस झेव्हियर यांच्या शवपेटीपाशी जाऊन आपले अधिकारचिन्ह तेथे अर्पण केले. ज्याला आपली नामुष्की लपवावीशी वाटेल, त्याच पक्षाच्या नोंदीतून मिळालेली ही साक्ष असल्यामुळे तिचे मोल अधिक आहे. बुधभूषण या संस्कृत नीतिपर ग्रंथाच्या प्रकाशनाने (१९२६) राजाच्या विद्याव्यासंगाचा पुरावाही अभ्यासकांसमोर आलेला होता.

येथे एक विरोध जाणवतो. बुधभूषण १९२६ मध्ये छापला गेला, तरी बेबंद राजाची प्रतिमा पुढे कितीतरी वर्षे अबाधित राहिली. बेंद्रे यांचा ग्रंथ १९६० मध्ये आला, पण अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर त्याचा प्रसार मर्यादितच झाला. तळटीपा, शकावल्या व मतमतांतरे यांनी भरलेला ग्रंथ सामान्य वाचक क्वचितच हाती घेतो. पुरावा सापडणे आणि तो समाजाच्या स्मृतीत रुजणे या दोन भिन्न प्रक्रिया आहेत. दुसरी प्रक्रिया घडण्यासाठी कथेची गरज लागली.

कादंबरीचे कार्य : मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ रा. भि. गुंजीकर यांच्या मोचनगडपासून (१८७१) मानला जातो. हरि नारायण आपटे यांनी तिला प्रतिष्ठा दिली. आपट्यांच्या कादंबऱ्यांत ऐतिहासिक काळ ही पार्श्वभूमी असून कथानकाचा बराचसा भार कल्पित पात्रांवर असे. १९६० नंतरच्या कादंबरीचे स्वरूप निराळे आहे. रणजित देसाई यांची स्वामी (१९६२), ना. सं. इनामदार यांची झेप (१९६३) व राऊ (१९७२) यांत प्रत्यक्ष ऐतिहासिक व्यक्तीच नायक आहे आणि तिचे खाजगी अंतरंग हा कादंबरीचा विषय आहे. देसाई यांच्या श्रीमान योगी (१९६८) या कादंबरीस नरहर कुरुंदकर यांनी लिहिलेल्या दीर्घ प्रस्तावनेत इतिहास आणि कादंबरी यांच्या नात्याची चर्चा आली आहे. चरित्रनायकाच्या मनात प्रवेश करण्याची मुभा कादंबरीकाराने गृहीत धरली, की इतिहासकार जेथे थांबतो तेथून त्याला पुढे जावे लागते. या प्रकाराची शक्ती व मर्यादा दोन्ही त्यातच आहेत.

शिवाजी सावंत यांची छावा (१९७९) ही कादंबरी या परंपरेतील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कृतींपैकी एक होय. जन्मापासून मृत्यूपर्यंतचे संपूर्ण जीवन तिने कवेत घेतले. आईवेगळे बालपण, दूध पाजणारी धाराऊ, आजी जिजाबाई, पत्नी येसूबाई या नात्यांच्या उबेत सावंतांनी नायकाला वाढविले. बखरीतील संभाजीला बालपण नव्हते. तो थेट व्यसनी युवराज म्हणून प्रकट होत असे. सावंतांनी त्याला बालपण दिले, आणि वाचकाची सहानुभूती कायमची जिंकली. बेंद्रे व गोखले यांच्या संशोधनाने जे निष्कर्ष मांडले होते, ते या कादंबरीमुळे घरोघरी पोहोचले. ग्रंथालयांत झिजून गेलेल्या तिच्या प्रती हे या कार्याचे साक्षीदार आहेत. एका पिढीच्या मनातील अन्यायकारक प्रतिमा पुसण्याचे श्रेय या कृतीला निःसंशय द्यावे लागेल.

वाङ्मयीन दृष्ट्या मात्र काही मर्यादा जाणवतात. सावंतांची शैली अलंकारप्रचुर व भारदस्त आहे. अखेरच्या यातनांच्या प्रसंगी ती शोभून दिसते, पण नित्याच्या राजकारणाचे चित्रण करतानाही तिचा स्वर खाली येत नाही. त्यामुळे सर्वच प्रसंग समान उंचीचे भासतात. महत्त्वाचा आक्षेप दुसरा आहे. दिलेरखानाच्या प्रकरणी अभ्यासकांनी अनेक शक्यता मांडल्या : घरातील व दरबारातील कोंडी, वडिलांविषयीचा रोष, महत्त्वाकांक्षा, तसेच पिता-पुत्रांनी ठरवून खेळलेला डाव. यांपैकी कोणतीही शक्यता निर्णायकपणे सिद्ध झालेली नाही. चरित्रकाराला ही अनिश्चितता वाचकासमोर ठेवता येते. नायकाच्या मनात शिरलेल्या कादंबरीकाराला मात्र एक हेतू निवडावाच लागतो, आणि एकदा निवडल्यावर तो हेतू वाचकाला वस्तुस्थितीइतकाच खरा वाटू लागतो. अशा रीतीने ‘संभवतः’ हा इतिहासकाराचा शब्द कादंबरीत नाहीसा होतो.

विश्वास पाटील यांच्या संभाजी (२००५) या कादंबरीत राजकीय व लष्करी हालचालींना अधिक स्थान आहे. पानिपत (१९८८) या कादंबरीत दिसलेली युद्धवर्णनाची हातोटी येथेही प्रत्ययास येते. नायकाचे एकाकीपण सावंतांनी नात्यांतून दाखविले, तर पाटील ते मोहिमांच्या रगाड्यातून दाखवितात. दोन्ही कादंबऱ्यांत प्रतिनायकांची योजना मात्र सारखीच ठळक आहे. बखरीत सर्व दोष राजा व कवी कलश यांच्या माथी होता. कादंबऱ्यांत तो फितूर मंत्री व नातलग यांच्या माथी गेला. दोषाचा धनी बदलला, दोष एकाच ठिकाणी गोळा करण्याची रीत तीच राहिली.

दृक्‌श्राव्य माध्यमे व वाद : स्वराज्यरक्षक संभाजी (२०१७–२०२०) या दूरचित्रवाणी मालिकेने आणि सावंतांच्या कादंबरीवर आधारलेल्या छावा (२०२५) या हिंदी चित्रपटाने ही नवी प्रतिमा मराठी वाचकवर्गाच्या पलीकडे नेली. कादंबरीत पानापानांतून येणारा संथ प्रवाह चित्रपटात टिकणे शक्य नसते. तेथे युद्ध, फितुरी आणि यातना हे तीन प्रसंग अधिक जागा व्यापतात. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी लेझीम खेळण्याच्या दृश्यावर आक्षेप घेतला गेला व ते वगळण्यात आले. प्रदर्शनानंतर गणोजी व कान्होजी शिर्के यांच्या वंशजांनी फितुरीच्या चित्रणाला हरकत घेतली. शिर्के व कवी कलश यांच्यातील वैर शकावलीतील नोंदीवरून ज्ञात आहे. परंतु प्रत्यक्ष अटकेत त्या घराण्याचा वाटा किती होता, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कथेला निश्चित फितूर हवा असतो, म्हणून तो निश्चित केला गेला.

या वादात इतिहासाने एक विलक्षण फेरा पूर्ण केलेला दिसतो. घराण्याच्या दुःखातून लिहिलेल्या बखरीने एका राजाला दोषी ठरविले होते. त्या राजाला न्याय देणाऱ्या कथेने दुसऱ्या एका घराण्याला दोषी ठरविले, आणि त्या घराण्याच्या वंशजांना आपल्या पूर्वजाची बाजू मांडावी लागली. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा राजसंन्यासमधील चित्रणाच्या निषेधार्थ उखडण्यात आला. गडकऱ्यांच्या नाटकातील सामग्री संशोधनाने कालबाह्य ठरविलेली आहे, हे खरे. पण त्याचे उत्तर बेंद्रे व गोखले यांनी ग्रंथांतून दिलेले होते. ज्या काळी दुसरी साधने हाती नव्हती, त्या काळच्या नाटककाराला पुढील काळात सापडलेल्या पुराव्याच्या आधारे शिक्षा करणे हे चिकित्सेच्या मूळ वृत्तीशीच विसंगत होय.

स्मृतीचा इतिहास : अलीकडील इतिहासग्रंथांनी या विषयाकडे पाहण्याची आणखी एक दिशा दाखविली आहे. प्राची देशपांडे यांच्या क्रिएटिव्ह पास्ट्स (२००७) या इंग्रजी ग्रंथात १७०० ते १९६० या काळात पश्चिम भारतात भूतकाळाची स्मृती कशी घडत गेली, याचे विवेचन आहे. बखर, शालेय इतिहास, नाटक व कादंबरी ही सर्व येथे अभ्यासविषय ठरतात. अमुक बखर खरी की खोटी, या प्रश्नाबरोबरच ती कोणासाठी, कोणत्या गरजेतून लिहिली गेली, हा प्रश्न विचारला जातो. या दृष्टीने पाहिल्यास चिटणिसांची बखर टाकाऊ ठरत नाही. संभाजी महाराजांच्या काळाविषयी ती अविश्वसनीय असली, तरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या साताऱ्याच्या दरबाराविषयी, तेथील लेखनिक घराण्यांच्या अभिमानाविषयी व जखमांविषयी ती मौलिक साधन आहे. हीच कसोटी उद्या छावालाही लावता येईल : तिच्यावरून सतराव्या शतकापेक्षा १९७९ च्या महाराष्ट्राला कोणता नायक हवा होता, याचे ज्ञान अधिक होईल.

मूल्यमापन : संभाजी-चरित्राच्या या प्रवासावरून ऐतिहासिक ललितवाङ्मयाच्या परीक्षणासाठी काही निकष हाती लागतात. ज्ञात वस्तुस्थितीशी विसंगत न होणे हा पहिला व किमान निकष होय. समर्थ कादंबऱ्या तो बहुतांशी पाळतात. अज्ञात जागा कशा हाताळल्या, हा दुसरा व अधिक कठीण निकष आहे. कानेटकरांच्या पहिल्या नाटकातील संभाजी आजही जिवंत वाटतो, कारण त्याच्या वर्तनाविषयीचा प्रश्न नाटककाराने प्रेक्षकाच्या स्वाधीन केला आहे. प्रतिनायकाला कितपत न्याय मिळाला, हा तिसरा निकष. नायकाला बालपण, दुःख व मन देणाऱ्या लेखकाने त्याच्या शत्रूला केवळ दुष्टपणा द्यावा, हे कलादृष्ट्याही उणे आहे आणि इतिहासदृष्ट्याही.

बखरीचा खरा दोष तिच्या कथारूपात नव्हता. आपली बाजू झाकून सर्वज्ञतेचा आव आणण्यात तो होता. त्या बखरीला योग्य उत्तर बेंद्रे, गोखले व पिसुर्लेकर यांच्या पद्धतीत आहे, कारण ती पद्धत आपले पुरावे व आपल्या शंका उघड्या ठेवते. कादंबरीने त्या पद्धतीचे निष्कर्ष स्वीकारले व लक्षावधी मनांपर्यंत नेले. हे कार्य कोणत्याही इतिहासग्रंथाच्या आवाक्याबाहेरचे होते. परंतु निष्कर्षांसोबत शंकाही पोहोचल्या नाहीत, तर वाचकाच्या हाती जुन्या बखरीच्या जागी नवी बखर येते, आणि पुढील कागद सापडेल तेव्हा तिला उत्तर देण्याची वेळ पुन्हा येते. कादंबरी वाचून भूतकाळाविषयी कुतूहल जागृत झालेला वाचक मूळ चरित्रग्रंथापर्यंत पोहोचणे, हीच या दोन्ही वाङ्मयप्रकारांच्या सहकार्याची सफलता होय. मराठीत असे वाचक पूर्वीही होते व आजही आहेत. बेंद्रे आणि गोखले यांचे ग्रंथ आजही अभ्यासले जातात, त्यामागे कादंबरीने निर्माण केलेल्या या कुतूहलाचा वाटा मोठा आहे.